पायनेमची मासोळी

माणिकबाई पाणी पिण्याआधी त्याचा वास घेतात. पेला तोंडाशी नेतात, थांबतात, नाकपुड्या किंचित फुलतात, मग पितात. स्वतःच्या घरी असोत की दुसऱ्याच्या, हे ठरलेलं. त्यांचा मुलगा धर्मपाल यावरून त्यांची थट्टा करायचा. "आमची माय म्हणजे पाण्याची लॅबोरेटरी होय," असं म्हणून स्वतःच मोठ्यांदा हसायचा. मलाही हसू यायचं. आता येत नाही. का येत नाही, तेवढं सांगण्यासाठी हे लिहितो आहे. लिहायची मला सवय नाही, तेव्हा जसं घडलं तसंच सांगतो.

धर्मपालची आणि माझी ओळख अकोल्याच्या एका सूतगिरणीतली. तो रिंगफ्रेम खात्यात, सूत कातायच्या यंत्रांवर, फिटर होता आणि मी भांडारात कारकून. उंच, वाळका, नखांत कायम काळं तेल, आणि बोलायला लागला की खात्यातल्या यंत्रांवर आवाज चढवायची सवय, ती घरीही सुटलेली नव्हती. गिरणी बंद पडली. त्याच सुमाराला त्याची बायको गेली, मूलबाळ नव्हतं. इंडोनेशियातल्या सूतगिरण्यांना तेव्हा आपल्याकडचे फिटर हवे असायचे. एका एजंटामार्फत तो तिकडे गेला, मध्य जावात. दोनेक वर्षांत परत येतो म्हणाला होता. परत आला तेव्हा डोकं पांढरं झालं होतं.

परदेशातून लोक काय काय आणतात. यानं एक ट्रंक भरून पुस्तकं आणली. अमरावतीला राजापेठेत आईजवळ राहायला लागला आणि पहिल्याच महिन्यात त्यानं आपल्याकडच्या सोयाबीनचं तिकडच्यासारखं टेंपे करून पाहिलं. ते म्हणे आंबवून, केळीच्या पानात गुंडाळून ठेवायचं असतं. तिसऱ्या दिवशी माणिकबाईंनी ते नाक दाबून उकिरड्यावर फेकलं. "सडलं थे. तिकडले लोक सडलेलं खातेत काय?"

"माय, थे सडलं नव्हतं वो, मुरलं होतं!"

"तुले मुरलं वाटते. मले वास समजते."

तो तिकडची भाषा शाळेत शिकला नव्हता, गिरणीच्या कॅन्टीनमध्ये शिकला. रविवारच्या पेपरात तिकडे एक गोष्ट छापून येते, कथा. ती कुणीतरी मोठ्यांदा वाचायचा आणि बाकीचे चहा पीत ऐकायचे. शेवट पटला नाही तर भांडायचे. सतरा ऑगस्टला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनाला, गिरणीच्या आवारात मंच बांधायचे आणि कामगार त्यावर चढून कविता म्हणायचे, झाडूवालासुद्धा. एका वर्षी धर्मपालनंही म्हटली. "भाऊ, तिथं कविता बसून म्हणत नाही कोणी. थे उभं राहून, हात वर करून म्हणा लागते. पोलिसाच्या तोंडावर म्हनल्यासारखी," असं म्हणून तो माझ्या जठारपेठेतल्या बैठकीत उभा राहिला होता आणि पंख्याला हात लागता लागता वाचला होता.

तो ज्या घरी खोली घेऊन राहायचा त्या बाईंचं नाव सुमार्नी. तिकडे वयानं मोठ्या बाईला इबू म्हणतात, म्हणजे आई. तोही त्यांना इबूच म्हणायचा. त्यांचे वडील खेड्यातले शाळामास्तर होते. एकोणीसशे साठच्या दशकाच्या मध्यावर त्या देशात लाखो माणसं मारली गेली, कम्युनिस्ट म्हणून, कम्युनिस्टाचा शेजारी म्हणून, कशालाही म्हणून. मास्तरांना एका संध्याकाळी शेजारच्यांनीच बोलावून नेलं आणि ते परत आले नाहीत. पुढे सुमार्नीबाईंच्या भावाला सरकारी नोकरी नाकारली गेली, कारण तो त्या मास्तरांचा मुलगा. अशा घरांना 'स्वच्छ' धरत नसत.

"जन्मानं लागलेला डाग," धर्मपाल म्हणाला होता. "त्याईले वाटलं, मले समजावून सांगा लागन. मी म्हटलं, इबू, राहू द्या. आमाले हे शिकवा लागत नाही."

शाळेच्या पुस्तकात यातलं काही नव्हतं. जे होतं ते उलटं होतं. खरं काय झालं ते लिहिलं कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी, आणि त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर बंदी आली. सुमार्नीबाईंकडे तसली एक कादंबरी होती. झेरॉक्स काढून बांधलेली, आणि वर कव्हर पाककृतीच्या पुस्तकाचं. स्वयंपाकघरात मसाल्याच्या डब्यांशेजारी ती उभी असायची. तो कामावरून आला की चुलीजवळ बसून त्या त्याला ती वाचून दाखवायच्या, अडलेला शब्द समजावत. मात्र त्या प्रतीत एक प्रकरण नव्हतं. भावानं भीतीपोटी तेवढी पानं फाडून चुलीत घातली होती. ते प्रकरण बाईंनी त्याला तोंडी सांगितलं.

पुढे तिकडचं सरकार पडलं. तीच कादंबरी शहरातल्या दुकानात काचेमागे उघड मांडली गेली. धर्मपालनं बाईंना ती दाखवायला नेलं. त्या काचेबाहेर उभ्या राहिल्या, आत गेल्या नाहीत. "घरी आहे ना," म्हणाल्या. त्यानं मात्र एक प्रत घेतली, त्यात ते प्रकरण होतं. परत निघताना बाईंनी त्याला सांगितलं, "तुझ्याकडच्यांना वाचून दाखव. जवळचे ऐकत नाहीत, दूरचे ऐकतील. पण पूर्ण वाच." तो हो म्हणाला.

परत आल्यावरची वर्षं त्यानं ती कादंबरी मराठीत आणण्यातच घातली. निवेदन साध्या मराठीत, आणि जावातली खेडूत माणसं बोलायला लागली की वऱ्हाडीत. मला आधी ते विचित्र वाटलं. ऐकल्यावर वाटेनासं झालं.

अनुवाद पूर्ण झाला तेव्हा मीच त्याला आमच्या अकोल्याच्या वाचनालयात घेऊन गेलो. अध्यक्ष खुशालराव. पंचाहत्तरी ओलांडलेले, धामणगाव रेल्वेकडचे मोठे शेतकरी. मुलं शिकली तसे अकोल्याला येऊन राहिलेले. पांढरे स्वच्छ कपडे, तोंडात दात कोरायची काडी, आणि बोलणं मऊ. त्यांना कल्पना फारच आवडली. दर रविवारी सकाळी एक प्रकरण वाचायचं आणि शेवटी वाचनालयातर्फे पुस्तक छापायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. धर्मपालला एवढंच हवं होतं. आपल्याकडे ते पुस्तक मोठ्यानं वाचलं जावं आणि छापलं जावं, पूर्ण. दर रविवारी तो एस.टी.नं अमरावतीहून यायला लागला.

लोक जमले. ऐकताना बायकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. वाचन संपलं की ग्रंथपाल बेबीताई चहा आणि सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीरवडी, फिरवायच्या. "किती सोसलं हो त्या लोकांनी," असं म्हणत आशाबाई वडी चटणीत बुडवायच्या. खुशालराव तर हरखून गेले होते. "आपली वऱ्हाडी पार जावाले पोचवली राजेहो यानं! दुःख सगळीकडे सारखंच असते, हे पाहा." ते असं म्हणायचे आणि काडी या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात न्यायचे. मला तेव्हाही कसंसंच व्हायचं. पण म्हटलं, आपणच कुजकट.

तिसऱ्या की चौथ्या रविवारी चहाच्या वेळी खुशालरावांनी धर्मपालला विचारलं, "तुमचं मूळ गाव कोणतं?"

त्यानं सांगितलं. मी इथे नाव लिहीत नाही, कारण तिथे आज माणसं नांदत आहेत.

"अरे! मंग तू तं आपलाच पोरगा निघाला!" खुशालरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. गाव कळताच 'तुमचं'चं 'तू' झालं, ते माझ्या कानाला लागलं. बाकी कुणाच्या लागलं नसावं. "कोणाचा तू? आन गाव सोडलं काहून?"

"मी तान्हा होतो दादा. माय सांगते, तिथलं पाणी खारं होतं."

"खारं? आमच्याकडलं? साखर आहे साखर!" खुशालराव हसले. मग हसणं मधेच थांबलं. काडी काढून त्यांनी ती निरखून पाहिली आणि दुसऱ्याच कुणाशी बोलायला वळले.

पुढच्या रविवारी ते प्रकरण आलं, सुमार्नीबाईंच्या प्रतीत नसलेलं.

नदीकाठचं खेडं. पायनेम नावाची बाई बाजारात मासोळी विकते. मारलेल्यांना नदीत टाकलेलं असतं, हे सगळ्यांना ठाऊक. पण त्याबद्दल कुणी बोलत नाही. फक्त मासोळी घेईनाशी होतात. धर्मपाल बायकांचे आवाज काढून वाचत होता.

"'मासोळी देऊ का वो?' 'आज नको माय, पोरीचं पोट बिघडलं.' 'तुले देऊ का?' 'माह्या दातात काटा अडकते.' 'तुले?' 'सासूचा उपास हाय.'" मग गावचा मुखिया येतो. टोपलीकडे न पाहता म्हणतो, "यंदा नदीची मासोळी कडू लागून राहिली." पायनेम दिवसचे दिवस टोपली तशीच घरी नेते. एके दिवशी भर बाजारात ती पाट मांडते, मासोळी घेते, पोट चिरते, आणि दोन्ही हातांनी उघडून सगळ्यांसमोर धरते. "पाहा. काईच नाही याच्यात."

काय असेल, असं तिला कुणी विचारलंच नव्हतं.

धर्मपाल पाणी प्यायला थांबला. तेवढ्यात खुशालराव उठले.

"बंद कर."

"दादा, थोडंसंच राहिलं."

"बंद कर म्हणतो ना! आमी काय दूधखुळे आहो? नदी म्हणे. मासोळी म्हणे. इंडोनेशिया म्हणे! वऱ्हाडी बोलते तुही पायनेम, अन् आमाले समजत नाही काय, कोणाले टोमणे मारून राहिला तू?"

"कोणाले, दादा?"

"त्या विहिरीत कोणी काही टाकलं नव्हतं! म्हातारं जनावर होतं, पाय घसरला, पडलं. माह्या बापानं उलट दोर पाठवले होते काढाले. अन् तू इथं येऊन, आमच्याच वाचनालयात, आमचाच चहा पिऊन…"

 बेबीताई ट्रे घेऊन दारातच थांबल्या होत्या.

"कोणती विहीर, दादा?" धर्मपालनं विचारलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बाजारात वाट चुकलेल्या माणसासारखा झाला होता.

 त्या भागातली आणखी दोन-तीन माणसं सभागृहात होती. ती खाली पायांकडे पाहत होती. कोणती विहीर, असं त्यांच्यापैकी एकानंही विचारलं नाही. मला शिसारी आली ती खुशालरावांच्या ओरडण्याची नव्हे, या न विचारण्याची. एवढे रविवार ही माणसं त्याच्या समोर बसून दूर देशातल्या नदीसाठी डोळे पुसत होती. मी म्हणालो, प्रकरण पूर्ण वाचू द्यावं. माझा आवाज मुळात लहान, तो कुणापर्यंत पोचला असं वाटत नाही. तोवर खुर्च्या सरकू लागल्या होत्या. वड्या मात्र संपल्या.

धर्मपालला एकट्याला पाठवणं मला बरं वाटेना. मी त्याच्याबरोबर बसमध्ये बसलो. वाटेत तो एकदाच म्हणाला, "आमच्या गावाले विहीर असन, हे मले माहीतच नव्हतं भाऊ. मायनं कधी विहिरीचं नावच काढलं नाही."

राजापेठेत त्यांच्या घरासमोर शिकवणी वर्ग आहे. मुलं सुटली होती आणि गल्ली दुचाक्यांनी तुंबली होती. त्या गलक्यात माणिकबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नव्वदीला आलेल्या, पण बोटं चपळ. धर्मपाल त्यांच्यासमोर उकिडवा बसला.

"माय, आपल्या गावच्या विहिरीत काय झालं होतं?"

त्यांची बोटं थांबली नाहीत. "कोण बोल्लं?"

"खुशालराव. आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष. म्हणते, जनावर आपोआप पडलं."

"खुशाल? पाटलाचा लहाना?" त्यांनी एक शेंग फोडली. "शेंबूड वाहे त्याचा. थो अध्यक्ष झाला काय!"

मग त्यांनी सांगितलं. मी ऐकलं तसं लिहितो.

"धम्म घेतला अन् आमी मेलेली ढोरं ओढनं सोडलं. तुह्या बापानंच पंचाईतीत सांगतलं, आजपासून ज्याचं ढोर त्यानं ओढा. त्याईनं आमचं काम बंद केलं. दुकान बंद केलं. आमी म्हटलं, करा. मंग पाटलाचा हेला, बुढा रेडा, मेला. पडून राह्यला. सारं गाव नाक धरून फिरे. त्याईले वाटे, आज येतीन, उद्या येतीन. आमी काई गेलो नाई."  सोललेले दाणे त्यांनी सुपात एका बाजूला केले. "मंग एक रोज सकाळी म्या आमच्या विहिरीचं पाणी भरलं. फटफटलं नव्हतं अजून. तुले ताप होता. तुले चमच्यानं पाजलं. म्याबी पेली. सारीच पेली." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "उजाडल्यावर पायलं."

 मी ओट्यावरून उतरून गल्लीत उभा राहिलो. एका मुलानं हॉर्न वाजवला, "काका, बाजू!" मी बाजूला झालो आणि परत आलो. धर्मपाल तसाच बसलेला होता, एक हात स्वतःच्या गळ्यावर.

"मंग मले काहून नाही सांगितलं?"

"काय सांगू? तुले काय पाजलं, थे सांगू?"

"पाणी खारं होतं म्हणे!"

"तं काय म्हणू? तुह्या त्या मासोळीच्या गोष्टीतल्या बाया काय म्हणतेत?" अनुवाद करताना तो आईला प्रकरणं वाचून दाखवायचा. ते प्रकरण ऐकून त्या तेव्हा उठून आत गेल्या होत्या. "म्या तं पयल्याच रोजी वळखलं. म्हटलं, बाई वो, याईलेबी ठाऊक हाय तं. आपलं पाणी कुठवर गेलं!"

मग त्या एकदम हसल्या. दात नाहीत, त्यामुळे हसताना सगळा चेहरा आत जातो. "अन् गंमत सांगू का? सारं गाव म्हणे, आमी ढोराले हात लावत नाई, आमचा धरम बाटते. मंग त्या हेल्याले तिथवर कोणं नेलं? थो काय मेल्यावर चालत आला विहिरीवर? याईलेबी ओढता येते, थे आमाले त्या रोजी समजलं."

चार-सहा दिवसांनी खुशालराव माझ्या घरी आले. मऊ आवाज परत आलेला होता. म्हणाले, "शेषरावजी, रागात बोलून गेलो. आता गावात सगळे मिळून राहतात. जुनं कायले उकरायचं? पुस्तक आपण छापू. विमोचन करू, त्याले शाल देऊ. तेवढं एक प्रकरण वगळाले सांगा. मी एका प्राध्यापकांना विचारलं, कथानकाला धक्का लागत नाही म्हणाले."

"तुम्ही ते शेवटपर्यंत ऐकलं नाही," मी म्हणालो.

"ऐकायची गरज काय? आपल्याला मूळ आशय कळला ना." जाता जाता त्यांनी माझ्या कुंडीत काडी टाकली.

मी धर्मपालला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "इबूच्या भावानं पानं फाडली, थे भीतीनं. त्याले घरातून उचलून नेलं असतं. याले कोण नेऊन राहिलं भाऊ?" मग म्हणाला, "वाचीन तं पूर्ण वाचीन. छापलं नाही तं नाही. येत्या रविवारी. अन् माय येणार आहे."

"मी येते!" मागून माणिकबाईंचा आवाज आला. "खुशालले पायलं नाई लई दिवसात."

रविवार आला आणि सकाळपासून माझा फोन वाजू लागला. एकांची साखर वाढली होती. एकांच्या नातीचा शिकवणीचा जादा वर्ग होता. एकांचा गुडघा आखडला. आशाबाईंनी सांगितलं, त्यांचा उपास आहे. मी म्हटलं, उपासाला ऐकायला चालतं. त्या म्हणाल्या, "अशक्तपणा येतो हो." एकेक फोन ठेवताना माझ्या कानात धर्मपालनं काढलेले ते बाजारातल्या बायकांचे आवाज येत होते. हीच माणसं ते ऐकून हसली होती.

सभागृहात बेबीताई होत्या, मी होतो, धर्मपाल आणि माणिकबाईंना बसस्थानकावरून घेऊन आलेला रिक्षावाला नितेश होता; थांबायचंच आहे तर ऐकतो म्हणाला. आणि खुशालराव होते. ते का आले, मला आजही नीट सांगता येणार नाही. किल्ल्या त्यांच्याकडे असतात हे एक. आपण आलो नाही असं कुणी म्हणू नये, हे दुसरं असावं.

माणिकबाई पहिल्या रांगेत बसल्या. पांढरं लुगडं, हातात काठी. त्यांनी पाणी मागितलं. बेबीताईंनी पेला दिला. त्यांनी तो तोंडाशी नेला, थांबल्या, वास घेतला.

"फिल्टरचं आहे माय ते," खुशालराव बाजूच्या खुर्चीवरून म्हणाले.

"हो का." त्यांनी पेला खाली केला नाही. "तुमच्या गावचंबी गोडच होतं, खुशाल."

आणि प्याल्या. खुशालरावांना नुसतं 'खुशाल' म्हणणारं त्या वाचनालयात आजवर कुणी आलं नसेल. त्यांच्या तोंडातली काडी हलायची थांबली.

धर्मपालनं त्या दिवशी बसून वाचलं नाही. त्या सतरा ऑगस्टच्या मंचावर उभा राहिला असेल तसा उभा राहिला आणि सुरुवातीपासून वाचलं. पोट बिघडलेली पोरगी, दातात काटा, सासूचा उपास. "काईच नाही याच्यात," या वाक्याशी तो थांबला नाही, पुढे गेला. पुढे काय होतं तेही सांगतो, कारण वाचनालयात ते त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं गेलं. मुखिया पायनेमला बाजारातून हुसकतो. तिच्या हातातली चिरलेली मासोळी मातीत पडते. कुत्रीसुद्धा ती हुंगतात आणि निघून जातात. दुसऱ्या दिवशी बाजार भरतो आणि तिच्या जागेवर कुणी बसत नाही. प्रत्येक जण म्हणतो, तिथे ऊन फार येतं.

नितेश पुढे वाकून ऐकत होता. खुशालराव अधूनमधून मोबाईलकडे पाहत होते. मला वाटलं होतं ते उठून जातील, निदान चिडतील. प्रकरण संपलं आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानं. "फार हृदयस्पर्शी," म्हणाले. "मार्मिक."

रिकाम्या खुर्च्यांतून वाजलेल्या त्या टाळ्या आठवल्या की अजून अंगावर पाल पडल्यासारखं होतं. ते ओरडले तेव्हा निदान माणूस तरी होते.

माणिकबाईंनी काठीवर दोन्ही हात ठेवले. "खुशाल, एक इचारू का रे? लई दिवसांचं मनात हाय. थो हेला ओढत कोणं आणला होता?"

खुशालरावांनी घड्याळ पाहिलं. "मले निघावं लागते माय. धामणगावले लग्न आहे."

"कोणाचं?"

"आहे एक. जवळचंच," ते म्हणाले आणि चपला शोधू लागले.

वाचनालयानं पुस्तक छापलं नाही. कागद महागला, असं पत्र आलं. धर्मपालनं राजापेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात काही प्रती काढून बांधून घेतल्या. कव्हरवर नाव घातलं नाही. एक कढई आणि मासोळी, असं चित्र दुकानदाराकडून काढवून घेतलं. एक प्रत जावाला गेली. सुमार्नीबाई आता हयात नाहीत. त्यांच्या मुलीनं फोनवर एवढंच विचारलं की पूर्ण आहे का. एक प्रत बेबीताईंनी वाचनालयात ठेवली आहे, पाककलेच्या कपाटात. "काका, तिकडे अध्यक्षांचा हात जात नाही," म्हणाल्या. बऱ्याच बायका ती घरी नेतात असं दिसतं, कारण कोपरे मळायला लागले आहेत.

वार्षिक समारंभाला दारावर मोठा फ्लेक्स लागला होता. 'इंडोनेशियन साहित्याचा वऱ्हाडाशी पहिला परिचय', आणि खाली हात जोडलेले खुशालराव, कमरेपासून वर. धर्मपालला सत्काराचं निमंत्रण होतं. त्यानं बेबीताईंना फोन करून सांगितलं, येत नाही. त्यांनी विचारलं, काही अडचण आहे का? तो म्हणाला, अडचण काहीच नाही, येत नाही.

मी अजून जातो वाचनालयात. या वयात पेपर वाचायला दुसरं ठिकाण नाही. मात्र तिथलं पाणी माझ्या घशाखाली उतरत नाही, फिल्टरचं असलं तरी. घरून बाटली नेतो. परवा खुशालरावांनी पाहिलं आणि विचारलं, "काय शेषरावजी, आमचं पाणी चालत नाही काय?"

"तसं नाही," मी म्हणालो, "गोळी घ्यायची असते."